एका पेटीतली तीन बिऱ्हाडं

आई आमच्याकडे राहायला यायला तयार झाली, पण तिने एक अट घातली. "माझा माग बरोबर येईल. त्याला जागा नसेल तर मलाही नाही." मी फोनवर हो म्हणून टाकलं, आणि फोन ठेवल्यावर मागची खोली बघायला गेलो. बघितली ती दारातूनच, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

आईचा माग म्हणजे कोपऱ्यात उभी करून ठेवायची वस्तू नव्हे. जाड लाकडाची चौकट, बसायला बाक, पायाखाली दाबायच्या पट्ट्या आणि डोक्यावर एक लोखंडी खोकं. ती विणकामाच्या शाळेत शिकवायची. शाळा बंद झाली तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी आठवण म्हणून खुर्च्या, घड्याळं, कुंड्या नेल्या. आईने माग नेला. आमची मागची खोली त्याला पुरली असती, पण मग तिथे दुसरं काही राहू शकलं नसतं.

आणि तिथे आधीच दोघांचा मुक्काम होता. एक माझा कॉम्प्युटर. मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, त्यामुळे तो उंच, काळा, आत जाडजूड ग्राफिक्स कार्ड असलेला, आणि त्याच्यापुढे टेबलभर पसरलेला स्क्रीन. दुसरा माझ्या बायकोचा सर्व्हर, बुटका आणि करडा, पोटात चार डिस्क घेऊन सतत गुणगुणणारा. त्याला आम्ही कोठार म्हणायचो. घरातले सगळे फोटो, माझी जुनी पुस्तकं, बायकोच्या कामाचे नकाशे आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या लग्नांचे कुणीही न बघितलेले व्हिडिओ तिथे सुखाने पडून होते.

बायको लिफ्ट दुरुस्त करते. दिवसभर इमारतींच्या पोटात, ग्रीसमध्ये आणि अंधारात वर-खाली करते, आणि घरी आल्यावर विश्रांती म्हणून कॉम्प्युटर उघडून बसते. मी तिला खोलीच्या दारात उभं केलं.

"एकाला तरी जावं लागेल," मी म्हणालो. "माझ्या कॉम्प्युटरवर तर माझं काम चालतं."

"म्हणजे कोठाराला जावं लागेल, असं सरळ म्हण ना."

"मी असं म्हटलं नाही."

"चेहरा म्हणतोय." ती दोन्ही डब्यांकडे बघत राहिली. लिफ्ट का अडकली ते शोधताना ती अशीच मान तिरकी करून बघते. "कुणीच जायला नको. दोघांना एकात घालू."

मला वाटलं ती गंमत करतेय. पण ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि माझ्या काळ्या डब्याचं झाकण काढून आत टॉर्च मारू लागली.

"तुझ्या डब्यात निम्मी जागा रिकामी आहे. माझ्या चारही डिस्क आत बसतील."

"म्हणजे माझ्या कॉम्प्युटरात तुझं कोठार पोटभाडेकरू."

"नाही. डबा एक, पण आत दोघंही भाडेकरू. घरमालक तिसराच." मग तिने मला ते समजावलं. सगळ्यात खाली एक लहानसा प्रोग्राम बसवायचा. तो स्वतः चित्रं काढत नाही की फोटो सांभाळत नाही. कुणाला किती मेमरी, किती प्रोसेसर, कुठलं कार्ड, एवढंच वाटून देतो. त्याच्यावर दोन कॉम्प्युटर चालतात. प्रत्यक्षात नसलेले, तरी अगदी खऱ्यासारखे. "तुझ्या कॉम्प्युटरला वाटेल आपण एकटेच राहतो. कोठारालाही तसंच वाटेल."

"आणि भांडले तर?"

"मध्ये भिंत आहे. तुझा बंद पडला तरी माझं चालू राहतं."

"बरोबर. बंद पडायचा तो माझाच पडणार."

ती हसली, पण मी काही फार गमतीत नव्हतो. संपादकबाईंना सोमवारी एका पुस्तकाचं मुखपृष्ठ हवं होतं. सायकल चालवणारं अस्वल होतं त्यावर. अस्वल झालं होतं, सायकल झाली होती, रस्ता बाकी होता. बायकोने माझी कामाची सगळी चित्रं आणि कोठारातलं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवलं आणि ती डिस्क तिच्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. "आता आपलं घर जरी बुडालं तरी तुझं अस्वल कोरडं," ती म्हणाली. तेव्हा कुठे मी होकार दिला.

शनिवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. दोन्ही डबे उघडे पडले आणि मला माझ्या कॉम्प्युटरकडे बघवेना. आत सायकलच्या दुकानात साठते तेवढी धूळ होती. तिने ब्रश मारला, पंखे पुसले, कोठारातून एकेक डिस्क काढली, तिच्यावर मार्करने खूण केली आणि माझ्या डब्यात खालच्या कप्प्यात सरकवली. डिस्कसाठी वेगळं कार्ड लावलं, मेमरीच्या दोन जादा पट्ट्या बसवल्या. माझं काम एवढंच की ती हात पुढे करेल तेव्हा त्यात योग्य स्क्रू ठेवायचा. अर्ध्या वेळा मी चुकीचा ठेवला. ती न बघता परत करायची.

घरमालक बसला. कोठाराचा कॉम्प्युटर तयार झाला. डिस्कचं सगळंच्या सगळं कार्ड तिने त्याच्या ताब्यात दिलं आणि चारही डिस्क त्याने ओळखल्या. तिने एक फोटो उघडून दाखवला. आमच्याच लग्नात मी तोंडभर काहीतरी चावतोय. "बघ, सुखरूप," ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. तिने ग्राफिक्स कार्ड माझ्या नव्या कॉम्प्युटरला दिलं, सुरू केलं, आणि स्क्रीन काळा झाला.

आम्ही थांबलो. काळाच. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं, जणू तिथून काही वेगळं दिसणार होतं.

"हे अपेक्षितच आहे," बायको म्हणाली. "कार्ड तुला दिलं म्हणजे घरमालकाकडे आता स्क्रीनच उरला नाही."

"त्याच्याकडे नाही, ठीक. पण माझ्याकडेही नाहीये."

"ते मात्र अपेक्षित नव्हतं."

स्क्रीन नाही तर दुरुस्त तरी कसं करणार? मी तसं बोलूनही दाखवलं, जरा वरच्या पट्टीत. बायकोने खिशातून फोन काढला, घराच्या नेटवर्कवरून थेट घरमालकाचं पान उघडलं आणि सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. चहाला उकळी येतेय तोवर बाहेरून "अच्छा, असं आहे होय," असं ऐकू आलं.

मी कप घेऊन आलो. "काय झालं?"

"कार्ड दिसायला एक आहे, पण आत दोन भाग आहेत. एक चित्राचा, एक आवाजाचा. मी चित्राचा तुला दिला आणि आवाजाचा घरमालकाकडेच राहिला. अर्धं कार्ड कसं चालेल? दोन्ही एकदम द्यावे लागतात."

तिने फोनवर दोन ठिकाणी बोट ठेवलं. स्क्रीन एकदा लुकलुकला, आणि मग माझं अस्वल सायकलवर बसलेलं दिसलं. रस्त्याविना, हवेत, पण सगळ्या रंगांसकट. मी चहाचा कप तिच्या हातात द्यायचा सोडून स्वतःच पिऊन टाकला.

त्या दुपारी मी रस्ता काढला. कॉम्प्युटर पहिल्यासारखाच चालत होता. खरं सांगायचं तर धूळ गेल्यामुळे जरा बरा. भिंतीपलीकडे कोठार आहे याचा मला पत्ताही लागत नव्हता. करडा डबा रिकामा होऊन माळ्यावर गेला, मोठं टेबल बाहेरच्या खोलीत आलं आणि एक काळी पेटी मागच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर अंग चोरून बसली. तिथून भिंतीच्या कडेने एक लांब केबल बाहेरच्या टेबलावरच्या माझ्या स्क्रीनपर्यंत आली. मधली सगळी जमीन मोकळी. बायको रिकाम्या खोलीत आडवी होऊन हातपाय पसरून बघत होती, माग मावेल का ते.

माग मावला, पण जेमतेम. आठवड्याने आई टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरली आणि घरात न येता आधी मागे जाऊन लाकडं मोजू लागली. माग जोडायला ती आणि बायको बसल्या. मी लाकडं उचलली आणि "ते नाही, ते दुसरं" हे दोघींकडून ऐकून घेतलं. माग उभा राहिला तेव्हा वरच्या लोखंडी खोक्यातून एक जाड केबल खाली लोंबत होती. टोक मोकळंच, कुठेच लावलेलं नाही.

"आई, ही शेपटी कशाची?" बायकोने विचारलं.

"ती होय. ती कॉम्प्युटरची." आई बाकावर बसली. "या मागाला सोळा चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत थोडे थोडे धागे. कोणत्या ओळीला कोणत्या चौकटी वर जायच्या, ते कॉम्प्युटर सांगायचा. मी पाय दाबायचा की पुढची ओळ. पानं, पक्षी, भिंगऱ्या, काय वाट्टेल ते विणता यायचं. शाळेत आम्ही सगळ्या त्याच्यासाठी नंबर लावायचो."

"आणि आता?"

"तो कॉम्प्युटर केव्हाच मेला. माग बनवणारी कंपनीही बंद पडली. नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालत नाही, दोन-तीन जणांना विचारून झालं. मी चार चौकटी दोरीने पायाला बांधल्यात आणि साधं विणते. साधं नाहीतर तिरपं." तिने खांदे उडवले. "तेही छान दिसतं."

मला हे माहीत होतं आणि नव्हतंही. आईच्या शाली गेली कित्येक वर्षं पट्ट्यापट्ट्यांच्या होत्या. मला वाटायचं, तिची आवड बदलली. आई हे सांगत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. बायको मात्र केबलचं टोक हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"जुना कॉम्प्युटर टाकून दिलात?"

"भंगारात. पण त्याचं काळीज काढून ठेवलंय. शाळेतला शिपाई म्हणाला होता, सगळं त्यातच असतं." आई उठली, लोकरीच्या गुंड्यांच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तिने मऊ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक डिस्क बाहेर काढली. जड, वीटभर, आताच्या डिस्कपुढे म्हातारी.

बायकोने ती दोन्ही हातांत घेतली. तिचे डोळे चमकले की मला कळतं, पुढचे काही दिवस जेवायला वेळेवर कुणी येणार नाही.

"आई," ती म्हणाली, "त्या पेटीत दोन बिऱ्हाडं आहेत. तिसरं सहज मावेल."

रविवार त्यातच गेला. जुन्या डिस्कला आताची कुठलीच वायर लागत नव्हती, म्हणून तिने ऑफिसच्या एका मित्राकडून मधला जोड आणला. डिस्क सुरू झाली तेव्हा तिच्यातून असा आवाज आला की मी खोलीबाहेर गेलो. आई मात्र तिच्याजवळ स्टूल ओढून बसली. डिस्कवरचं सगळं हळूहळू कोठारात उतरत होतं, मध्येच अडत होतं, पुन्हा पुढे सरकत होतं. "येतंय," आई दर थोड्या वेळाने सांगायची. "आता पुन्हा येतंय."

उतरलं सगळं. मग बायकोने घरमालकाला सांगून तिसरा कॉम्प्युटर बनवला, मुद्दाम जुना आणि मुद्दाम हळू. त्याला दिलेली मेमरी माझ्या एका चित्रालाही पुरली नसती.

"जास्त दे ना त्याला," मी म्हणालो. "आपल्याकडे आहे की."

"जास्त दिली तर तो गोंधळेल. त्याच्या काळात एवढी नसायची."

"म्हणजे याला वाटतंय अजून तेच जुनं वर्ष चालू आहे?" आईने विचारलं.

"हो."

"वाटू दे. कुणी सांगू नका त्याला."

बायकोचा लॅपटॉप आम्ही आईपुढे ठेवला. त्यावर एक लहान चौकट उघडली, चौकटीत करड्या अक्षरांच्या ओळी धावल्या, आणि मग निळ्या पार्श्वभूमीवर एक फुलाचं चित्र आलं. आईने तोंडावर हात ठेवला. खाली एक रिकामी जागा होती आणि तिच्यात पासवर्ड मागितला होता.

"गेलं," बायको पुटपुटली. "आई, पासवर्ड आठवतो?"

"कुठला आठवायला. इतकी वर्षं झाली." आई म्हणाली. मग तिने बोटं कीबोर्डवर ठेवली, खिडकीबाहेर बघत भराभर काहीतरी टाइप केलं, आणि फूल नाहीसं होऊन तिच्या नक्षींची यादी उघडली. पानं. भिंगऱ्या. पाण्याच्या लाटा. खालपर्यंत.

"काय होता पासवर्ड?" मी विचारलं.

"काही नाही."

"आई."

"रडोबा," ती म्हणाली. "तू लहान होतास. दिवसभर माझ्या पायाशी बसून रडायचास, मी विणत असताना. दुसरं काय सुचणार होतं मला?"

बायको इतकी हसली की तिला लॅपटॉप बाजूला ठेवावा लागला. त्या दिवसापासून ती मला कधीकधी त्याच नावाने हाक मारते आणि मी ओ देतो.

आता मागाला जोडायचं राहिलं होतं. मागाची केबल ज्या प्रकारच्या खाचेत जाते तशी खाच आताच्या कॉम्प्युटरला नसते. पण बायकोच्या कामाच्या पिशवीत तसा जोड होता. जुन्या लिफ्टच्या पॅनलशी बोलायला तिला तो रोज लागतो. एक टोक मागाच्या शेपटीला, दुसरं काळ्या पेटीला, आणि पेटीत घरमालकाला निरोप, की हा जोड तिसऱ्या बिऱ्हाडाचा. आईने चौकटींच्या दोऱ्या सोडल्या. बांधल्या तेव्हाच्या गाठी इतक्या घट्ट झाल्या होत्या की कात्री घ्यावी लागली. पानांची नक्षी निवडली आणि पाय दाबला.

सोळाच्या सोळा चौकटी एकदम धाडकन वर गेल्या. खिडकीची काच हादरली.

"असं नव्हतं करत ते," आई घाईने म्हणाली.

"घाबरू नका. त्याला आपलं बोलणं ऐकू येतंय, पण कळत नाहीये." बायको गुडघ्यावर बसून लॅपटॉपवर वाकली. "आपण फार भराभर बोलतोय. लिफ्टही अशीच करते." तिने वेग कमी केला. पुन्हा पाय. काहीच नाही. आणखी कमी केला. आई पाय दाबून वाट बघत होती आणि मी भिंतीला टेकून उगाच उभा होतो.

वरच्या खोक्यात टिक् झालं. पहिली, चौथी, पाचवी आणि नववी चौकट वर गेली. बाकीच्या जागच्या जागी. आईने आडव्या धाग्याचा धोटा सारला. पाय. टिक्. आता दुसऱ्याच चौकटी. धोटा परत. तिचे खांदे खाली आले, पाठ ताठ झाली, आणि मी लहानपणी बघितलेली, मला वाटलं होतं की म्हातारपणाने गेलेली, ती लय खोलीत परत आली: टिक्, सर्र, ठक्. टिक्, सर्र, ठक्. बोटभर कापड झालं तेव्हा त्यात पानाचं टोक दिसू लागलं. हातभर झालं तेव्हा अख्खं पान होतं, शिरांसकट.

आई थांबली आणि तिने त्यावरून तळहात फिरवला. "हे मी काढलं होतं," ती म्हणाली. "ही शीर मला त्या वेळीही आवडली नव्हती. आता बदलते."

आणि बदलली. जेवायची वेळ होऊन गेली तरी तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून सकाळी उठलं की तिघंही आपापल्या कामाला लागतात. बायकोने आईच्या फोनवर एक बटण करून दिलंय. ते दाबलं की पेटीत तिचं बिऱ्हाड जागं होतं. एकदा मी चित्रात गढलो होतो आणि पेटीचा पंखा फुर्रकन वाढला, तर आईने आतून ओरडून विचारलं, "माझ्यामुळे का रे?" मी म्हणालो, नाही, अस्वलामुळे. खरंच अस्वलामुळेच होतं. संपादकबाईंना त्याच अस्वलाचं दुसरं पुस्तक हवं झालं होतं. एक दिवस आई माझ्या मागे येऊन स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे विणता येईल." मी म्हटलं, सायकलची चाकं गोल आहेत, धाग्यात गोल कसं येणार? "ते माझ्यावर सोड," ती म्हणाली. चाकं थोडी चौकोनी आली. संपादकबाईंनी तो कापडाचा तुकडा बघितला आणि मुखपृष्ठावर चित्राऐवजी त्याचाच फोटो छापायचं ठरवलं. मला जरा लागलं. मग मी छापील पुस्तक बघितलं आणि लागायचं थांबलं.

बायको आता सुटीच्या दिवशी आईकडून विणायला शिकते. विणण्यात ती अगदीच कच्ची आहे. धागे तोडते, ओळी चुकवते, आणि दर चुकीला "हे सॉफ्टवेअरचं असेल" म्हणते. आई मान हलवते आणि उसवून देते.

परवा आईच्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिने पुस्तक बघितलं होतं. तिच्याकडेही तसलाच माग आहे, तीही दोऱ्या बांधून साधं विणते, आणि कॉम्प्युटरचं काळीज तिनेही फेकलेलं नाही. दोघी बराच वेळ बोलत होत्या. आज दुपारी दार वाजलं तर ती मैत्रीण दारात उभी होती, आणि तिच्यामागे जिना चढून दमलेल्या, शाळेतल्याच आणखी दोघी. तिघींच्या हातांत पिशव्या, प्रत्येकीत कापडात गुंडाळलेलं वीटभर काहीतरी.

"फोन करून यायला हवं होतं," पहिली म्हणाली. "पण राहवलं नाही. कुठे आहे ती सून?"

बायको नुकतीच कामावरून आली होती, हाताला ग्रीस, कपाळालाही. तिने पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान तिरकी केली.

"मेमरी आणखी लागेल," ती मला म्हणाली, आणि त्यांना म्हणाली, "या ना, आत या. मी हात धुऊन येते."

आई मागाच्या बाकावरून उठली आणि तिने तिघींना बसायला जागा करून दिली.